चार अक्षरांचा तोफखाना

इंग्रजी वर्तमानपत्र घरी येत असेल तर रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा नुसते मथळे चाळून पाहा. मंत्री काही बोलले, फ्लॅक. महापालिकेने झाडं तोडली, फ्लॅक. क्रिकेटच्या संघातून कुणाला वगळलं, पुन्हा फ्लॅक. ‘ड्रॉज फ्लॅक’, ‘फेसेस फ्लॅक’ ह्या जोड्या मथळेवाल्यांच्या फार लाडक्या. कारण उघड आहे. ‘क्रिटिसिझम’ लिहायला नऊ अक्षरं लागतात, फ्लॅकचं चारात भागतं. आणि मथळ्याची जागा म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातली फळी. एक डबा जास्त ठेवला की दुसरा खाली आलाच!

मी आठवड्यातून चार दिवस, दुपारच्या वेळात, आठवी ते दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. वर्तमानपत्र वाचा, वर्तमानपत्र वाचा, असा आम्हीच त्यांच्यामागे लकडा लावतो, आणि मग ती असले शब्द उचलून आणतात. शब्द भारदस्त, छोटा, वर जरा फटाक्यासारखा वाजणारा. निबंधात तो घातला की बाई खूश होतील असं त्यांना वाटतं. बाई खूश होतातही, पण तो जागेवर बसला असेल तर! एका मुलाने मध्ये ए आणि शेवटी ई घालून असं काही लिहिलं होतं की मंत्रिमहोदयांवर कॉर्नफ्लेक्स उधळल्याचा भास व्हावा. एका मुलीचं वाक्य होतं, ‘द पीपल ड्रू फ्लॅक ऑन द मिनिस्टर.’ आणि निम्म्याहून अधिक मुलं शेवटी सी आणि के अशी दोन्ही अक्षरं लिहितात.

मुलांचा मला राग येत नाही. आपणच त्यांना पहिलीपासून बॅक, पॅक, सॅक, ब्लॅक, ट्रॅक शिकवलेलं असतं. सगळ्यांच्या शेपटीला सी-के. मग ह्या एकट्या फ्लॅकनेच काय घोडं मारलंय? शाळेतल्या मुलाला हा प्रश्न पडलाच पाहिजे. ‘स्पेलिंग आहे असं, पाठ करा,’ हे उत्तर मला द्यायला आवडत नाही, कारण ह्या शब्दाच्या बाबतीत खरं उत्तर आहे आणि ते मोठं ऐकण्यासारखं आहे.

हा शब्द मुळी इंग्रजी नाहीच. तो जर्मन आहे, आणि जर्मनमध्येही तो शब्द नाही, आद्याक्षरांचं गाठोडं आहे. विमानं पाडण्याच्या तोफेला जर्मनमध्ये म्हणतात ‘फ्लीगर-आबवेअर-कानोने’. फ्लीगर म्हणजे उडणारा, वैमानिक. आबवेअर म्हणजे निवारण, बचाव. कानोने म्हणजे तोफ. एवढं लांबलचक नाव तोफ डागताना कोण घेणार? म्हणून फ्लीगरचे एफ आणि एल, आबवेअरचा ए आणि कानोनेचा के. गेस्टापो हा शब्दही असाच लांब नावाचे तुकडे जोडून झालेला. इंग्रज तोफेला ‘कॅनन’ म्हणतात आणि सी ने लिहितात; जर्मन माणूस के ने लिहितो. म्हणून फ्लॅकच्या शेवटी के आहे. सी ला तिथे जागाच नाही, कारण त्या नावात सी कुठून आणणार? एकदा हे सांगितलं की मुलं विसरत नाहीत. मागच्या बाकावरचा एकजण तर हल्ली सी खाल्ला की नुसतं ‘कानोने!’ म्हणून ओरडतो.

ही तोफ काय करायची तेही समजून घेण्यासारखं आहे, कारण शब्दाचा अर्थ तिथेच दडलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीची ८८ मिलिमीटरची तोफ प्रसिद्ध होती. तिचा गोळा साधारण नऊ किलोंचा. इतक्या उंचावरून, इतक्या वेगाने जाणाऱ्या विमानाला नेम धरून गोळा मारणं म्हणजे जवळजवळ अशक्य. म्हणून गोळ्यातच वेळ लावून ठेवायची सोय होती. ठरलेल्या उंचीवर तो आपोआप फुटायचा आणि त्याचे धारदार तुकडे चहूकडे उडायचे. गोळा लागला नाही तरी तुकडे लागायचे. अशा कित्येक तोफा एकाच वेळी डागल्या की आकाशात काळ्या धुराचे पुंजकेच पुंजके दिसायचे, आणि वैमानिकाला त्यांच्यामधूनच विमान न्यावं लागायचं. ह्या दृश्याला इंग्रजी बोलणारे वैमानिक ‘फ्लॅक’ म्हणू लागले. तोफेचं नाव होतं ते गोळ्यांचं झालं, आणि पुढे साधारण १९६० च्या दशकात ते टीकेचं झालं. एका माणसाने एका माणसाला नेमकं सुनावलं, असा ह्यातला भाव नाही. खालून अनेकांनी एकाच वेळी बार काढले आणि वरच्याला सगळीकडून ओरखडे आले, असा भाव आहे.

आता जरा आडवळण घेते, रागावू नका. हा शब्द शोधताना मला जे सापडलं ते व्याकरणापेक्षा जास्त दिवस मनात राहिलं. इंग्लंडमध्ये १९४१ पासून विमानविरोधी तोफांच्या तुकड्यांत बायका काम करू लागल्या. खुद्द पंतप्रधान चर्चिल ह्यांची धाकटी मुलगी मेरी अशाच तुकडीत होती. येणाऱ्या विमानाची उंची मोजायची, अंतर काढायचं, गोळा पोचेतो ते कुठे असेल त्याचा हिशोब करायचा, ही सगळी कामं ह्या मुली करत. फक्त तोफ डागायची त्यांना परवानगी नव्हती. ते काम पुरुषाचं! हे मी आमच्या ह्यांना वाचून दाखवलं. म्हटलं, हिशोब बाईने करायचा आणि बार बुवाने उडवायचा, हे काही आपल्याच घरात नाही. ह्यांनी वर्तमानपत्र जरा आणखी वर धरलं.

पलीकडे जर्मनीत तर ह्याहून वाईट. माणसं कमी पडायला लागली तसं १९४३ पासून तिथे शाळेतली पंधरा-सोळा-सतरा वर्षांची मुलं ह्या फ्लॅक-तोफांवर मदतनीस म्हणून नेली. मुलं तोफांपाशी, म्हणून शिक्षकच तिथे जाऊन तास घेत. पुढे २००५ साली पोप झालेले बेनेडिक्ट सोळावे, म्हणजे योसेफ रात्सिंगर, हेही सोळाव्या वर्षी म्युनिकच्या परिसरात असेच फ्लॅकच्या कामाला जुंपले गेले होते. दहावीच्या वर्गात उभी राहून मी हे सांगते तेव्हा समोर तेवढ्याच वयाची मुलं बसलेली असतात, मिसरूडही न फुटलेली. त्या दिवशी व्याकरणाचा तास नेहमीपेक्षा शांत जातो.

आणि ज्यांच्यावर हे गोळे जात होते त्यांचं काय? अमेरिकेच्या आठव्या वायुदलाचे वैद्यकीय अधिकारी माल्कम ग्रो ह्यांनी जखमी वैमानिक तपासले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की पुष्कळशा जखमा उडून आलेल्या, वेग मंदावलेल्या तुकड्यांच्या आहेत. अंगावर काही जाड असतं तर त्या टळल्या असत्या. त्यांनी लंडनच्या विल्किन्सन स्वोर्ड कंपनीला गाठलं. तलवारी करणारी ही कंपनी. तिचं नाव आपल्याकडे दाढीच्या पात्यांमुळे ठाऊक. तिने पोलादाच्या पट्ट्या कापडात शिवून बंडी तयार केली. तीच ‘फ्लॅक जॅकेट’. हा शब्दही वर्तमानपत्रांत येतो, युद्धाच्या बातम्यांत. त्याचंही स्पेलिंग के वर संपतं.

आता मूळ मुद्द्याकडे. मराठी माणसाला फ्लॅक समजायला खरं तर काहीच अडचण नाही, कारण आपण नेमकं हेच केलेलं आहे. ‘टीकेचा भडिमार’ म्हणतो ना आपण? भडिमार हा मुळात तोफांचाच. ‘प्रश्नांची सरबत्ती’ म्हणतो. सरबत्ती म्हणजे एकदम उडवलेले बंदुका-तोफांचे बार. म्हणजे इंग्रजांना तोफ आठवली ती जर्मनांकडून, आपल्याला आपल्या किल्ल्यांवरून. तेव्हा फ्लॅक वापरावा की नाही असं मनात आलं की मी मुलांना एक युक्ती सांगते. तिथे मराठीत ‘भडिमार’ शोभेल का ते पाहा. शोभला तर फ्लॅक चालेल. नुसती ‘नापसंती’, ‘सूचना’ किंवा ‘कानउघाडणी’ शोभत असेल तर फ्लॅकला हात लावू नका. इंग्रज मुलं घरगुती बोलण्यात आईबाबांच्या ओरडण्यालाही फ्लॅक म्हणतात, ते चूक नाही. पण त्यांच्या बोलण्यात ती थट्टेतली अतिशयोक्ती असते. आपण परीक्षेच्या पेपरात तशी थट्टा करायला गेलो तर तपासणाऱ्याला ती थट्टा वाटेलच असं नाही.

मात्र ह्या लेखाचं निमित्त परीक्षा नाही. निमित्त आहे आमच्या मजल्यावरच्या वहिनी.

वहिनींची दोन्ही मुलं गावातल्या एका इंग्रजी शाळेत जातात. शाळेचं नाव सांगत नाही, कारण गाव लहान आहे. आमच्या गावाच्या मधून हमरस्ता जातो. शाळेची बस पूर्वी आमच्या बाजूला थांबायची. एके दिवशी चिठ्ठी आली की यापुढे बस रस्त्याच्या पलीकडे थांबेल. का, तर वळसा वाचतो. पहिली-दुसरीतली पोरं आणि समोरून उसाचे ट्रॅक्टर! वहिनी गप्प बसणाऱ्यांतल्या नाहीत. शाळेचा कारभार इंग्रजीत, म्हणून त्यांनी दोन रात्री बसून, शब्दकोश मांडीवर घेऊन, इंग्रजीत अर्ज लिहिला. त्यात एक वाक्य होतं, ‘युवर डिसिजन हॅज गॉट मेनी फ्लॅक्स फ्रॉम पेरेंट्स.’ स्पेलिंग सी-के चं आणि पुढे एस.

पालकांच्या सभेत कारभाऱ्यांपैकी एकांनी तो अर्ज वाचायला घेतला. ह्या वाक्याशी थांबले, चष्मा वर केला आणि म्हणाले, “फ्लॅक्स? व्हॉट आर फ्लॅक्स, मॅडम?” दोन-चार जण हसले. मग आणखी हसले. पालकच हसले, हे विशेष. ज्यांची पोरं तोच रस्ता ओलांडणार होती तेच. मग चहा आला, स्नेहसंमेलनाचा विषय निघाला आणि बसथांब्याचं राहूनच गेलं.

वहिनी घरी आल्या त्या सरळ माझ्याकडे. डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता. “ताई, तुम्ही बी.ए. आहात. मला एवढंच सांगा, ह्यात हसण्यासारखं काय होतं?”

मी सांगितलं, की हसण्यासारखं काही नव्हतं, दुरुस्त करण्यासारखं एक होतं. सी-के चं म्हणाल, तर अमेरिकेचा मेरियम-वेबस्टर कोश फ्लॅकचं ते स्पेलिंगही, कमी रूढ म्हणून का होईना, नोंदवतो. म्हणजे चष्मा वर करणाऱ्या गृहस्थांनी त्यावर हसायचं कारण नव्हतं. पण आपण अर्ज लिहितो तेव्हा समोरच्याच्या हातात काठी कशाला द्यायची? सर्वांना मान्य असलेलं के-वालं स्पेलिंग लिहावं आणि मोकळं व्हावं. खरी अडचण होती ती त्या एस ची. फ्लॅक मोजता येत नाही. आपण किलोभर मीठ म्हणतो, चिमूटभर मीठ म्हणतो, चार मिठं म्हणत नाही. तसंच हे. ‘अ फ्लॅक’ नाही, ‘फ्लॅक्स’ नाही, ‘मेनी’ तर नाहीच; ‘अ लॉट ऑफ फ्लॅक’ किंवा ‘सम फ्लॅक’. आणि ‘फ्लॅक्स’ असं म्हटलं की ऐकणाऱ्याला जवस आठवते, कारण जवसालाही इंग्रजीत तसंच म्हणतात, शेवटी एक्स लिहून. वहिनींना इथे पहिल्यांदा हसू आलं. “म्हणजे मी पालकांकडून जवसाची चटणी आणली म्हणायची!”

मग आम्ही दोघी कागद घेऊन बसलो. ‘ड्रॉ’ हे क्रियापद मी त्यांना समजावलं. ‘ड्रॉ’ म्हणजे इथे स्वतःकडे ओढणं, ओढवून घेणं. ज्याच्यावर टीका झाली तो कर्ता. ‘द डिसिजन ड्रू फ्लॅक’, निर्णयाने टीका ओढवून घेतली. माझ्या विद्यार्थिनीचं वाक्य म्हणूनच उलटं झालं होतं. लोक फ्लॅक ओढत नसतात, लोक तो उडवत असतात. ज्यांनी टीका केली त्यांच्या आधी ‘फ्रॉम’, ज्या कारणासाठी केली त्याच्या आधी ‘फॉर’ किंवा ‘ओव्हर’. ‘टेक’, ‘गेट’, ‘फेस’ हीही क्रियापदं चालतात. अमेरिकेत ‘कॅच’ म्हणतात. वहिनींनी वहीत लिहून घेतलं, ‘द डिसिजन ड्रू अ लॉट ऑफ फ्लॅक फ्रॉम पेरेंट्स फॉर पुटिंग चिल्ड्रन ॲट रिस्क.’ उत्तम वाक्य. कुठल्याही वर्तमानपत्रात छापून येईल.

आणि हे उत्तम वाक्य आम्ही खोडून टाकलं.

त्याचं असं आहे, की फ्लॅक हा तिऱ्हाइताचा शब्द आहे. बातमीदार दुरून बघतो आणि म्हणतो, अमक्याला फ्लॅक मिळाला. ज्यांनी टीका करायची तेच जर ‘तुम्हाला फ्लॅक मिळाला आहे’ असं लिहू लागले तर ते दुसऱ्याचीच हकिगत सांगतायत असं वाटतं. शिवाय शब्द बोलीभाषेच्या अंगाचा. मित्राला पत्र लिहा, लेख लिहा, वर्तमानपत्रात लिहा, तिथे तो खुलतो. अर्जात ‘वुई ऑब्जेक्ट’ हे दोन शब्द पुरतात, आम्हाला हे मान्य नाही. दहावीच्या मुलांनाही मी हेच सांगते: बातमी लिहायला सांगितली तर फ्लॅक घाला, मुख्याध्यापकांना विनंतीपत्र असेल तर घालू नका. वहिनींना ते लगेच पटलं. त्या म्हणाल्या, “म्हणजे शेजारणीला सांगताना ‘ती त्यांना फाडफाड बोलली’ म्हणायचं, पण त्यांच्या तोंडावर ‘मी तुम्हाला फाडफाड बोलते आहे’ असं म्हणायचं नाही, सरळ बोलायचं.” इतकं सोपं करून मला आजवर वर्गात सांगता आलेलं नाही.

दुसरा अर्ज अर्ध्या पानाचा झाला. ‘आम्हाला हा बदल मान्य नाही. आमची मुलं सहा-सात वर्षांची आहेत. हमरस्त्यावर तिथे गतिरोधक नाही, सिग्नल नाही.’ खाली सह्या. सह्या गोळा करायला वहिनी त्या हसणाऱ्यांच्या घरीही गेल्या. मी म्हटलं, तिथे कशाला जाता? तर म्हणाल्या, “सही त्यांची नको, त्यांच्या पोरांसाठी हवी.” एकाने सही करताना विचारलं म्हणे, की ह्या वेळी फ्लॅक्स नाहीत वाटतं? वहिनी म्हणाल्या, “नाहीत. मोजता येत नाहीत ते.” त्याला काही कळलं नसावं.

सकाळची बस आता आमच्या बाजूला थांबते. संध्याकाळची अजून पलीकडेच. पोरं आणायला आम्ही बायकांनी पाळ्या लावल्या आहेत, आणि तिसरा अर्ज तयार होतो आहे.

जाता जाता सी-के-वाल्या फ्लॅकबद्दल सांगायचं राहिलं. अमेरिकेत १९३० च्या दशकापासून करमणुकीच्या धंद्यात त्या स्पेलिंगचा एक निराळाच शब्द रूढ आहे. नटाचं, कंपनीचं, पुढाऱ्याचं चांगलं छापून यावं म्हणून पगार घेऊन खटपट करणारा माणूस, तो ‘फ्लॅक’. शब्द जरा हेटाळणीचा आहे. असं काम करणाऱ्याला तोंडावर म्हणू नये. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात आणि इंग्रजीतही दोन्ही सारखेच ऐकू येतात, म्हणून गोंधळ. वर्गात मी फळ्यावर एकच वाक्य लिहून देते: मालकावर के-वाला आला की सी-के-वाला धावत येतो. परवा एका मुलीने त्याखाली विचारलं, “बाई, आणि सी-के-वाल्यावरच के-वाला आला तर?” तास संपत आला होता. मी म्हटलं, उद्या वाक्यात उपयोग करून आण.